रविवारचा भाव शून्य नसतो

प्रश्न थोडक्यात असा: "मी इंदूरला छावणी मंडीजवळ एका अडतीवर हिशेब बघतो. सोयाबीनचा रोजचा भाव आणि आवक एक्सेलमध्ये भरतो आणि महिनाअखेर शेठजींना चार्ट काढून देतो. रविवारी आणि सणावारी मंडी बंद असते. त्या दिवशी भावाची रेघ धाडकन शून्यावर येते, दुसऱ्या दिवशी परत वर जाते. फॉर्म्युल्यात दुहेरी अवतरणचिन्हं टाकून सेल कोरा केला, शून्य लपवायचा पर्यायही वापरला. सेल कोरा दिसतो, पण चार्टमधले करवतीचे दात जात नाहीत. चालू महिन्याचे उरलेले दिवसही तळाशी आडवी रेघ ओढून बसतात. काय करू?"

याचं दोन ओळींचं उत्तर देता येतं: फॉर्म्युल्यात एनए() टाका, दात जातील. बहुतेक लोक तेवढंच सांगतात आणि ते खोटंही नाही. पण मी बावीस वर्षं आधी सियागंजच्या एका पेढीत आणि मग पीथमपूरच्या एका कारखान्यात असेच तक्ते करते आहे, आणि तेवढ्यावर थांबलं की महिन्याभरात माणूस दुसरा प्रश्न घेऊन येतो, हे पाहिलेलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या एकाच ओळीत दोन आकडे आहेत, भाव आणि आवक. रविवारी दोन्ही कोरे. आता असं समजा की रविवारी मंडीच्या फाटकावर तुम्ही एक माणूस वही देऊन बसवला. संध्याकाळी तो आवकीच्या रकान्यात काय लिहील? शून्य. एक ट्रॉली आली नाही, एक क्विंटल उतरला नाही, म्हणजे आवक खरोखरच शून्य. आणि भावाच्या रकान्यात? तो काहीच लिहिणार नाही. लिलावच झाला नाही तर भाव कुठला! रविवारी सोयाबीन कुणी फुकट वाटत नव्हतं. म्हणजे एकाच ओळीतला एक कोरा सेल शून्य आहे आणि दुसरा नाही. तुमचा चार्ट बिघडतोय तो इथे, आणि हा निर्णय एक्सेल तुमच्यासाठी घेऊ शकत नाही.

माझे वडील कापड बाजारात मुनीम होते. त्यांच्या रोजमेळात सुट्टीच्या दिवशी कधी शून्य लिहिलेलं मी पाहिलं नाही. तारीख टाकायची, पुढे "बाजार बंद" लिहायचं आणि आडवी रेघ मारायची. विक्री झालीच नाही असा चालू दिवस मात्र वेगळा. तिथे ठसठशीत शून्य. कागदाच्या वहीत हा फरक आपोआप सांभाळला जायचा, कारण लिहिणाऱ्याला हाताने काहीतरी लिहावंच लागायचं. स्प्रेडशीटमध्ये सेल नुसता सोडून देता येतो, आणि सोडलेल्या सेलचा अर्थ मग चार्ट लावतो.

कोऱ्या सेलचे असे तीन अर्थ मला रोजच्या कामात भेटतात. एक, खरं शून्य: तुमची रविवारची आवक. दोन, आकडा अस्तित्वातच नाही किंवा कुणी मोजला नाही: रविवारचा भाव. तीन, आकडा अजून यायचा आहे: महिन्याचे उरलेले दिवस. चौथाही एक असतो, पण तो क्वचित. पावसाचं बघा. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचायचा असतो. एखाद्या दिवशी वाचायचा राहिला, तर दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात दोन दिवसांचा पाऊस असतो. पहिल्या दिवशी शून्य लिहिलं तरी चूक आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा जसाच्या तसा काढला तरी चूक. अशा वेळी मी दोन्ही दिवस मिळून एकच नोंद धरते आणि खाली शेरा लिहिते. तुमच्याकडे सोमवारची आवक फुगलेली दिसत असेल तर तिथेही थोडं असंच आहे. रविवारी रात्रीपासून रांगेत लागलेल्या ट्रॉल्या सोमवारी मोजल्या जातात. तो आकडा खोटा नाही, पण "सोमवारी शेतकरी जास्त येतात" असा अर्थ त्यातून काढू नका.

आता तुमच्या अवतरणचिन्हांकडे येते. फॉर्म्युल्यातून "" आलं की सेल कोरा दिसतो, पण रिकामा नसतो. त्यात लांबी शून्य असलेला मजकूर असतो. चार्टला आकडा हवा असतो, आणि मजकूर दिसला की लाइन चार्ट त्याला शून्य धरतो. तिथे "बंद" लिहा, "सुट्टी" लिहा, नुसती एक स्पेस मारा, परिणाम तोच. शून्य लपवायचे जे पर्याय आहेत, मग ते ऑप्शन्समधलं खूण काढणं असो की नंबर फॉरमॅटमधली अर्धविरामांची करामत, ते फक्त डोळ्यांसाठी आहेत. सेलमध्ये शून्य असतंच, चार्ट सेलच्या आत बघतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे दुसऱ्या शीटवरून आणलेले आकडे. मूळ सेल खरोखर रिकामा असला आणि तुम्ही त्याला नुसतं बरोबरचं चिन्ह लावून इकडे आणलं, तर इकडे ० येतो. व्ही-लुकअपनेही तेच होतं. म्हणजे भरणाऱ्याने शहाणपणाने सेल मोकळा सोडला होता, तुमच्या फॉर्म्युल्याने त्यात शून्य भरलं. आणि तिथे लोक घाईत काय करतात, तर "उत्तर शून्य आलं तर कोरं दाखव" अशी अट घालतात. असं केलं की खरी शून्यंही त्याच खड्ड्यात जातात. अट शून्याची घालू नका, "" ची घाला. मूळ सेल रिकामा असेल तर "" शी केलेली तुलना खरी ठरते, आणि मूळ सेलमध्ये खरं शून्य असेल तर खोटी. हा एवढासा फरक भावाच्या बाबतीत तुम्हाला जाणवणार नाही, कारण भाव शून्य कधी नसतोच. आवकीच्या बाबतीत जाणवेल.

आणखी एक सापळा आपल्या व्यापारी सवयीतला आहे: डॅश. एक्सेलची कॉमा स्टाइल लावली की खरं शून्य सेलमध्ये "-" असं दिसतं. आणि आपल्याकडे आकडा नसला की हाताने "-" टाइप करायचीही पद्धत आहे. दिसायला दोन्ही सारखे. एकात शून्य आहे, दुसऱ्यात मजकूर. सेलवर जाऊन वर फॉर्म्युला बारमध्ये बघितल्याशिवाय कळत नाही. मला एकदा एका जुन्या फाइलमध्ये दोन्ही प्रकार एकाच कॉलममध्ये आळीपाळीने सापडले, कारण दोन कारकून पाळीपाळीने भरत होते. चार्टमध्ये दोन्ही शून्यावरच पडत होते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरासरी काढली तेव्हा आलं.

मग एनए() का चालतं? कारण ते "मूल्य उपलब्ध नाही" असं सांगतं. सेलमध्ये #एन/ए दिसतं आणि लाइन चार्ट तिथे बिंदू टाकत नाही. मूळ भाव बी कॉलममध्ये असेल तर चार्टसाठी शेजारी एक नवीन कॉलम करा आणि त्यात हे लिहा (इथे देवनागरीत लिहिते आहे, तुम्ही नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा):

=इफ(बी२="",एनए(),बी२)

नवीन कॉलम करा, हे मी मुद्दाम म्हटलं. मूळ कॉलममध्येच #एन/ए घुसवलंत तर खालची बेरीज, सरासरी, सगळं #एन/ए होऊन बसतं. अ‍ॅग्रिगेट फंक्शनला ९ आणि ६ हे दोन आकडे दिले की ते चुका वगळून बेरीज करतं, १ आणि ६ दिले की सरासरी. ते ठाऊक असावं. पण माझा अनुभव असा की वही वेगळी आणि चित्राची पाटी वेगळी ठेवली की भांडणं कमी होतात. आणि शेठजींना छापील कागदावर #एन/ए दिसलं तर ते "एरर आली" म्हणून तुम्हालाच बोलावणार. त्यासाठी पेज सेटअपच्या शीट टॅबमध्ये "सेल एरर्स अ‍ॅज" असा पर्याय आहे, तिथे ब्लँक निवडा. पडद्यावर नको असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगने #एन/ए ची अक्षरं पांढरी करता येतात.

आता आवृत्तीचा प्रश्न. इथे उत्तर तुमच्याकडे कोणतं एक्सेल आहे यावर ठरतं आणि तुम्ही ते लिहिलेलं नाही. चार्टवर उजवं क्लिक करून सिलेक्ट डेटा उघडा. खाली डाव्या कोपऱ्यात "हिडन अँड एम्प्टी सेल्स" बटण असतं. त्यात तीन पर्याय मिळतील: गॅप्स, झीरो आणि कनेक्ट डेटा पॉइंट्स विथ लाइन. म्हणजे रिकाम्या सेलच्या जागी रेघ तोडायची, शून्यावर न्यायची की पुढच्या बिंदूला जोडायची. (एक्सेल २००३ मध्ये हेच टूल्स, ऑप्शन्स, चार्ट असं दडलेलं होतं. माझ्या वयाची माणसं अजून तिथे शोधायला जातात.) मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर त्याच खिडकीत आणखी एक खूण दिसेल, "शो #एन/ए अ‍ॅज एम्प्टी सेल". ती चालू असली की #एन/ए ला खऱ्या रिकाम्या सेलसारखं वागवलं जातं, म्हणजे गॅप्स निवडलं तर रेघ खरंच तुटते. २०१० किंवा २०१३ सारख्या जुन्या एक्सेलमध्ये ही सोय नाही. तिथे #एन/ए असलं की काहीही निवडा, रेघ आजूबाजूचे बिंदू जोडून पुढे जाते. फॉर्म्युला ठेवून रेघ तोडणं तिथे सरळ मार्गाने जमत नाही. सेल खरोखर डिलीट करावा लागतो.

"खरोखर" शब्दावर जोर देते, कारण कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज केलं की फॉर्म्युला जातो, पण ते लांबी शून्यचं भूत सेलमध्ये राहतं. गो टू स्पेशलमधून ब्लँक्स शोधायला गेलात तर ते सापडत नाही. फिल्टर लावा, ब्लँक्स निवडा, दिसणारे सेल निवडून डिलीट दाबा. मग जातं.

तर जोडायची की तोडायची? माझं मत स्पष्ट आहे, आणि त्याला एक जुनी जखम कारण आहे. कारखान्यात मी नवीन असताना रोजच्या रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाच्या टक्क्यांचा चार्ट माझ्याकडे आला. एका आठवड्यात तपासनीस तीन दिवस रजेवर होता. त्या दिवसांचे सेल कोरे, फॉर्म्युल्यातून "", चार्टमध्ये शून्य. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, वा, तीन दिवस एकही तुकडा नापास नाही! टाळ्या वाजायच्या बेतात होत्या. मला चूक कळली आणि मी रात्री बसून ती "सुधारली": कनेक्टचा पर्याय लावला. रेघ आधीच्या आणि नंतरच्या बिंदूंमधून सरळ, सुंदर गेली. दोन महिन्यांनी ग्राहकाकडून माणूस तपासणीला आला. त्याने त्या सरळ रेघेवर बोट ठेवून विचारलं, या तीन दिवशी माल कोणी तपासला? खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. शून्य दाखवून आम्ही खोटं चांगलं सांगितलं होतं, आणि रेघ जोडून मी न झालेली तपासणी झाल्यासारखी दाखवली होती. तुटलेली रेघ असती तर तो प्रश्न आमच्याच मीटिंगमध्ये पहिल्या दिवशी निघाला असता.

तेव्हापासून जिथे मोजमाप व्हायला हवं होतं आणि झालं नाही, तिथे मी रेघ तोडते. मोजमाप होणं अपेक्षितच नव्हतं, जसा तुमचा रविवार, तिथे जोडायला माझी हरकत नाही. शनिवारचा भाव आणि सोमवारचा भाव यांच्यामध्ये कुणी काही लपवत नाहीये.

खरं तर रविवारसाठी मी याहून सोपं करीन: रविवार ठेवणारच नाही. भावाच्या शीटमध्ये फक्त लिलाव झालेल्या दिवसांच्या ओळी ठेवा आणि आडव्या अक्षावर उजवं क्लिक करून फॉरमॅट अ‍ॅक्सिसमध्ये टेक्स्ट अ‍ॅक्सिस निवडा. हे न करता नुसत्या ओळी काढल्यात तर तारखा ओळखून एक्सेल डेट अ‍ॅक्सिस धरतं आणि रविवारची जागा मोकळी सोडतं. रेघेत ते कळत नाही, ती वरून जोडून जाते, पण कॉलम चार्टच्या उभ्या खांबांमध्ये फट दिसते. टेक्स्ट अ‍ॅक्सिसवर शनिवारनंतर लगेच सोमवार येतो.

पण दिवाळीच्या दिवसांत मंडी सलग बंद असते, आणि दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा हंगाम भरात असतो. तिथे मात्र टेक्स्ट अ‍ॅक्सिस धोक्याचा. सुट्टीआधीचा भाव आणि सुट्टीनंतरचा भाव शेजारी-शेजारी बसतात आणि एका रात्रीत भाव पडल्यासारखं वाटतं. त्या महिन्याचा चार्ट मी डेट अ‍ॅक्सिसवर काढीन, बंद दिवसांच्या ओळी ठेवीन आणि रेघ तोडीन. रंगपंचमीचंही तसंच. आपल्याला ठाऊक आहे की त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते आणि शहरात कामधंदा होत नाही. पण तुमचा चार्ट मुंबईच्या एखाद्या तेल गिरणीच्या खरेदीदाराकडे गेला तर त्याला काय कळणार? होळी होऊन पाच दिवस झाले, आता कसली सुट्टी, असंच तो म्हणेल. शीटमध्ये एक शेऱ्याचा कॉलम ठेवा. "मंडी बंद, रंगपंचमी" एवढे शब्द पुरतात.

शून्याच्या दातांनी अजून एक नुकसान होत होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून सांगते. समजा महिन्याभरात भाव क्विंटलला ४२०० ते ४७०० रुपयांमध्ये हलला. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा यांच्यातलं अंतर मोठ्या आकड्याच्या साधारण १७ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर एक्सेल आपणहून उभा अक्ष शून्याच्या वरून सुरू करतं. ४२०० आणि ४७०० मध्ये अंतर ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अक्ष वर चढेल आणि चढ-उतार नीट दिसतील. पण मध्ये एक जरी शून्य घुसलं की अक्ष शून्यापासून सुरू होतो. पाचशे रुपयांची सगळी हालचाल वरच्या पट्टीत चिरडून जाते आणि शेठजींना चार रविवार तेवढे ठळक दिसतात. शून्यं काढलीत की तोच चार्ट एकदम बोलका झालेला दिसेल. फक्त आवकीच्या कॉलम चार्टचा अक्ष शून्यापासूनच ठेवा. कॉलमची उंची हाच आकडा असतो, तिथे पाया कापला की दुप्पट नसलेलं दुप्पट दिसतं.

भाव आणि आवक तुम्ही बहुधा एकाच चार्टवर घेत असाल, आवकीचे कॉलम आणि दुसऱ्या अक्षावर भावाची रेघ. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: ती गॅप्स-झीरो-कनेक्टची निवड अख्ख्या चार्टला लागते. भावाला गॅप आणि आवकीला शून्य असं खिडकीतून वेगवेगळं देता येत नाही. म्हणजे फरक आकड्यांतच करावा लागतो. आवकीच्या कॉलममध्ये रविवारी सरळ ० टाइप करा, भावाच्या चार्ट-कॉलममध्ये एनए() येऊ द्या, आणि मग खिडकीत गॅप्स निवडा. आवकीचं शून्य शून्यच राहील, कारण ते रिकामं नाहीच. फाटकावर बसवलेला तो वहीवाला माणूस म्हणूनच मी सुरुवातीला आणला.

रेघ तोडली की एक बारीक खोड निघते. दोन सुट्ट्यांच्या मध्ये एकच चालू दिवस आला, तर त्या एकट्या बिंदूला जोडायला कुणीच नसतं आणि तो गायब होतो. आकडा आहे, चित्रात नाही. म्हणून तोडलेल्या रेघेला मार्कर, म्हणजे ठिपके, चालू ठेवायचे.

आता महिन्याचे उरलेले दिवस. वरचाच फॉर्म्युला तिथेही चालतो, आणि सुदैवाने शेवटी येणाऱ्या #एन/ए ला जुनं एक्सेलही जोडू शकत नाही, कारण पुढे बिंदूच नाही. रेघ आजच्या तारखेला थांबते. पण तुम्ही महिन्याची चढती बेरीज दाखवत असाल तर जपा. आवक आली नाही तरी चढती बेरीज तीच राहते, म्हणून महिनाअखेरपर्यंत सपाट पठार दिसतं. तिथे अट बेरजेवर नाही, त्या दिवसाच्या मूळ आवकीवर घालायची: आवकीचा सेल रिकामा तर एनए(), नाहीतर बेरीज. आणि हे जमायचं असेल तर रविवारी ० टाइप केलेलंच हवं, कोरं सोडून चालणार नाही. नाहीतर रविवार आणि "अजून यायचा दिवस" यांत फरक कसा करणार? याहून नीटनेटकं हवं असेल तर सगळं कंट्रोल-टी करून टेबलमध्ये घ्या आणि पुढचे दिवस लिहूच नका. रोज एक ओळ वाढली की चार्ट आपोआप तेवढाच वाढतो. ऑफसेट आणि काउंट वापरून सरकती रेंज करणारेही आहेत. त्यांनी काउंट-ए वापरू नये, ते "" वाले सेलही मोजतं.

बाकीच्या चार्टबद्दल चटकन. कॉलम चार्टमध्ये शून्य आणि रिकामं दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तिथे लेबलवरच भिस्त. खरं शून्य असेल तर लेबल ठेवा. नको असलेली शून्याची लेबलं घालवायला डेटा लेबलच्या नंबर फॉरमॅटमध्ये 0;;; द्या. पाय चार्टमध्ये (गोल चकतीच्या) शून्याचे तुकडे दिसत नाहीत, पण त्यांची "०%" लेबलं एकमेकांवर चढून बसतात. तिथे 0%;;; चालतं. अर्ध्या टक्क्याहून लहान खरा तुकडा मात्र तरीही "०%" दाखवेल, त्याला इलाज नाही, असे तुकडे "इतर" मध्ये घाला. एरिया चार्टमध्ये गॅप्स निवडलं तरी भरलेला भाग खाली शून्यापर्यंत कोसळतो, म्हणून फटी असलेल्या आकड्यांना मी एरिया वापरतच नाही. लॉग अक्षावर शून्य काढताच येत नाही, एक्सेल स्वतःच तक्रार करतं. आणि ओळी लपवल्यात किंवा फिल्टर केल्यात तर त्या चार्टमधूनही जातात, हे सोयीचंही आहे आणि गोंधळाचंही. मूळ कॉलम हाइड केला आणि चार्ट कोरा झाला, असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतोच. त्याच हिडन अँड एम्प्टी सेल्सच्या खिडकीत लपलेल्या ओळी दाखवायची खूण आहे.

गुगल शीट्सवर असाल तर इफमध्ये दोन स्वल्पविरामांच्या मधली जागा मोकळी सोडली की सेल खरोखर रिकामा होतो. हीच युक्ती एक्सेलमध्ये केलीत तर ० मिळेल, म्हणून फाइल इकडून तिकडे नेताना सांभाळा. तिथे रेघ जोडायची असेल तर कस्टमाइझमध्ये "प्लॉट नल व्हॅल्यूज" आहे. लिब्रे ऑफिसमध्ये डेटा सिरीजच्या ऑप्शन्समध्ये "प्लॉट मिसिंग व्हॅल्यूज" खाली हेच तीन पर्याय मिळतात.

थोडक्यात तुमच्या फाइलला: आवकीत बंद दिवशी ० टाइप करा, भाव कोरा सोडा (डॅश नाही, स्पेस नाही), शेजारी चार्टसाठी एनए() चा कॉलम करा, चार्ट त्या कॉलमवर न्या, ठिपके चालू ठेवा, बंद दिवसाचा शेरा लिहा.

आणि चार्ट सुधारल्यावर लगेच गेल्या महिन्याची सरासरी तपासा. तुम्ही "" वापरत होतात तोवर ती बरोबर होती, कारण अ‍ॅव्हरेज रेंजमधल्या मजकुराकडे बघत नाही. पण त्याआधी, किंवा दुसऱ्या शीटवरून आकडे आणताना, सेलमध्ये ० येत असेल, तर ते मोजलं गेलं आहे. तीस दिवसांच्या महिन्यात चार रविवार शून्य धरले आणि उरलेले २६ दिवस भाव ४५०० असला, तर सरासरी येते ३९००. चार्टचे दात निदान दिसतात तरी. हा सहाशेचा फरक एका सेलमध्ये गुपचूप बसलेला असतो.

मंडीच्या कामात साधी सरासरी तशीही फारशी उपयोगाची नाही. दोनशे क्विंटल आवकीच्या दिवसाचा भाव आणि दोन हजारांच्या दिवसाचा भाव सारख्या वजनाचे कसे धरायचे? समप्रॉडक्टला (जोडीजोडीने गुणून बेरीज करणारं फंक्शन) भावाची आणि आवकीची रेंज मध्ये स्वल्पविराम देऊन द्या आणि एकूण आवकीने भागा. बंद दिवशी आवक शून्य, म्हणून तो दिवस हिशेबातून आपोआप गळतो, भावाच्या सेलमध्ये काहीही असो. फक्त रेंज मूळ कॉलमची द्या, चार्टवाल्या कॉलमची नको, नाहीतर #एन/ए ला शून्याने गुणलं तरी #एन/ए च येतं. शेठजींना गेल्या महिन्यात कोणता आकडा सांगितला होतात, तो काढून बघा, आणि चुकला असेल तर नवीन चार्ट दाखवण्याआधी तेच आधी सांगा.